सकाळी दहा सेल्फ, माळशेज चढताना दम सोडते. पंप उतरवू का?

टोमॅटोवाला_ओतूर

रामराम मंडळी.

गाडी पिकअप, २००९ची. २.५ लिटरचं चार सिलिंडर टर्बो डिझेल, सगळं मेकॅनिकल, सेन्सर-बिन्सर काही नाही. २०१७ला घेतली तेव्हाच तिसऱ्या हाताची होती. किलोमीटरचा काटा २,४१,०००वर अडकून बसलाय, त्यालाही तीन वर्षं झाली. खरं रनिंग किती ते तिलाच माहीत.

काम एकच. टोमॅटोचा तोडा झाला की रात्री ओतूरहून ६० क्रेट भरून निघायचं, माळशेज उतरून मुरबाड-कल्याणवरून वाशी गाठायची, सकाळी रिकामे क्रेट घेऊन परत. जाताना काही तक्रार नाही. येताना मात्र मोरोशी मागे पडली आणि घाट लागला की दहा-बारा मिनिटांत गाडी दम सोडते. थर्डमधून सेकंड, सेकंडमधून फर्स्ट, मग बंदच. वीस मिनिटं उभं राहायचं, फिल्टरवरचा हातपंप तीस-चाळीस वेळा दाबायचा, मग लागते आणि बोगद्याच्या वरपर्यंत बिनबोभाट येते. गेल्या महिन्यात चार वेळा असं झालं. चौथ्या वेळी धुकं इतकं होतं की मागून येणाऱ्या ट्रकला मी दिसावा म्हणून क्रेट रस्त्यावर मांडून ठेवले.

दुसरं दुखणं सकाळचं. आठ-दहा सेल्फ मारल्याशिवाय लागत नाही, आणि लागली की पांढरा धूर, डोळे चुरचुरतात. गंमत म्हणजे घरासमोरच्या उतारावर नाक खाली करून लावली तर दुसऱ्या सेल्फला लागते. ढकलस्टार्ट करत नाही, तरीही.

बॅटरी नवी आहे. डिझेल फिल्टर दिवाळीत बदलला. एअर फिल्टर झटकला. ऑइल, पाणी बरोबर, काटा तापत नाही. गॅरेजवाला म्हणतो नोझलला दाबाने डिझेल देणारा पंप गेला, पंप-नोझल उतरवून कॅलिब्रेशन (तपासून पुन्हा जुळवणी), २६,००० आणि पाच दिवस. पैशाचं बघू, पण पाच दिवस गाडी नाही म्हणजे दोन तोडे दुसऱ्याच्या गाडीने. उतरवायच्या आधी घरी काही बघण्यासारखं आहे का?


करवीर_चालक

पंपच. माझ्या गाडीला सेम झालं होतं. उगं टाइमपास करू नका, उतरवा. घाटात बंद पडली तर २६,००० स्वस्त वाटतील.


जुना_पाना

भाऊ, एस.टी.च्या वर्कशॉपात ३१ वर्षं डिझेल हुंगत काढली, आता घरी बसून गावच्या ट्रॅक्टरांचे कान पिळतो. तुमचं दोनदा वाचलं. पंप उतरवू नका. निदान अजून तरी नको.

तुमचा गॅरेजवाला खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. झिजलेल्या पंपाचं लक्षण थेट असंच असतं. इंजिन तापलं की डिझेल पातळ होतं, झिजलेल्या जागेतून आतल्या आत निसटतं, दाब तयार होत नाही, गाडी बंद. वीस मिनिटांनी थंड झालं की पुन्हा चालू. म्हणून त्याने पंपाचं नाव घेतलं. पण असा पंप सकाळी थंड असताना उलट चांगला लागतो, त्रास गरमात देतो. तुमची गाडी थंडही लागत नाही. इथे माझी शंका पहिल्यांदा पंपावरून उठली.

दुसरं, हातपंप. लाइन भरलेली असेल तर आठ-दहा दाबांत तो दगडासारखा घट्ट होतो. तुम्हाला तीस-चाळीस लागतात. म्हणजे फिल्टरपर्यंत डिझेलच नाही, आणि त्यात पंपाचा काय दोष?

आणि तिसरं, जे तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत. नाक खाली केलं की टाकी इंजिनापेक्षा वर येते. रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरत नाही, लाइन भरलेली राहते, गाडी लागते. सपाटीवर कुठून तरी हवा शिरते आणि डिझेल मागे पळतं. निम्मं निदान तुम्हीच उतारावर करून ठेवलंय.

माझ्या मते तुम्हाला आजार दोन आहेत आणि दोन्ही पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला आहेत. सकाळचा त्रास हवेचा. घाटातला त्रास उपाशीपणाचा: टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडावर जाळी असते, तिच्यावर काहीतरी येऊन बसतंय. सपाटीला इंजिन थोडंच पितं, भागतं. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ओढ वाढते, कचरा जाळीला गच्च चिकटतो. इंजिन बंद पडलं की ओढ सुटते, कचरा खाली बसतो, म्हणून वीस मिनिटांनी सगळं आलबेल. घाट उतरताना इंजिन जवळजवळ काहीच पीत नाही, म्हणून जाताना तक्रार नाही.

आता एवढं सांगा.
दम सोडताना काळा धूर येतो का?
टाकीचं झाकण मूळचं आहे का?
डिझेल कुठून भरता, पंपावरून की घरच्या बॅरलमधून?

करवीरवाले, राग मानू नका. तुमचा गेला असेलही.


टोमॅटोवाला_ओतूर

काका, काळा धूर नाही. उलट दम सोडताना धूरच बंद होतो, नुसता आवाज मंदावत जातो.

डिझेल पंपावरूनच. तोड्याच्या घाईत कधी ट्रॅक्टरच्या बॅरलमधून दहा-वीस लिटर नळीने ओढतो.

झाकण… जूनमध्ये मुरबाडला डिझेल भरताना टाकीवरच राहिलं आणि रस्त्यात पडलं. तेव्हापासून फडकं कोंबून वरून प्लास्टिकची पिशवी रबराने बांधतो. चार महिने झाले. हसू नका.


जुना_पाना

हसत नाही, कपाळाला हात लावला.

माळशेजच्या पावसात चार महिने फडक्याचं झाकण. पाणी आत गेलंच असणार. पाणी डिझेलपेक्षा जड, तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे शेवाळासारखा चिकट काळा गाळ धरतो, जंतूच असतात ते. त्यात फडक्याचे सुते. जाळीला आणखी काय हवं?

धूर बंद होतो म्हणालात ते महत्त्वाचं. हवा कमी पडली, म्हणजे एअर फिल्टर किंवा टर्बोचा पाइप फुटला, तर डिझेल जास्त होऊन काळा धूर यायला हवा. इंजिन ऑइल जाळत असेल तर निळसर. धूरच नाही म्हणजे जाळायला डिझेलच नाही.

आधी फुकटची परीक्षा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात गाळलेलं डिझेल. टाकीकडून येणारा पाइप जिथे पुढे जोडलाय तिथे सोडवा आणि कॅनमधून नवी नळी जोडा. रिटर्नचा पाइपही (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) कॅनमध्येच सोडा, नाहीतर पाच लिटर बघता बघता टाकीत जाईल. कॅन हौद्यात केबिनच्या मागे, इंजिनापेक्षा उंच, दोरीने पक्का बांधा. बॉनेटखाली टर्बोजवळ चुकूनही नको, तिथे सांडलं तर पेट घेईल. मग रिकाम्या गाडीने जवळचा कुठलाही चढ पूर्ण दाबून चढा. कॅनवर गाडी बिनतक्रार चढली तर पंप निर्दोष. कॅनवरही दम सोडला तर मी हात जोडतो, द्या पंप उतरवायला.

हवेसाठी फिल्टर आणि पंपाच्या मधली रबरी नळी काढून त्या जागी पारदर्शक नळी लावा, फूटभर पुरे. गाडी चालू करून टॉर्च लावून बघा. एखाद-दुसरा बुडबुडा सुरुवातीला येतो, तो सोडा. माळ सुरूच राहिली तर हवा मागून येतेय. नळी परीक्षेपुरतीच हं, डिझेलने चार दिवसांत कडक होते.

हवा शिरण्याच्या जागा बाहेरून कोरड्या दिसतात. डिझेल गळत असेल तर थेंब दिसेल, ही समजूत इथे कामाची नाही, कारण इंजिन चालू असताना त्या भागात ओढ असते. बाहेरची हवा आत जाते, आतलं डिझेल बाहेर येत नाही. मी या क्रमाने बघतो: चेसिसवर क्लिपाखाली दबलेली रबरी नळी (वाकवून बघा, भेगा उघडतात), फिल्टरच्या डोक्यावरचा वायसर, बंजो बोल्टाचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर. तांब्याचे वायसर जुने असले तर गॅसवर लाल करा आणि पाण्यात टाका, मऊ होतात, पुन्हा नीट बसतात. आमच्याकडे स्टोअरला वायसर नसले की हाच धंदा. नवे स्वस्तच मिळतात म्हणा, पण रात्री दहाला कोण देणार?

एक ताकीद. नोझलचा दाबाचा पाइप ढिला करून इंजिन फिरवायची वेळ आली तर बोटाने फवारा तपासू नका. तिथे दोनशे बारच्या वर दाब असतो, कातडी फोडून डिझेल आत जातं. असं झालेलं बोट मी पाहिलंय.


रोपवाटिका_ताई

जुना पाना काकांच्या पुढे मी काय बोलणार, पण दादा, एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझीही जुनी पिकअप, रोपं घेऊन नाशिकहून कसारा उतरते. तुम्ही चढाचं दुखणं सांगताय. पण भरलेली गाडी तुम्ही उतरवता. ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) ज्या व्हॅक्यूमवर चालतो तो तयार करणारा पंप आपल्यासारख्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत डायनॅमोच्या मागेच बसवलेला असतो, आणि डायनॅमो फिरतो फॅन बेल्टवर. उतारात इंजिन बंद पडलं आणि तुम्ही घाबरून क्लच दाबलात, तर दोन-तीन ब्रेकनंतर पेडल लाकूड होतं. ६० क्रेट मागे. गिअरमध्ये ठेवलीत तर चाकंच इंजिन फिरवतात, पंपही फिरतो. म्हणून न्यूट्रल नाही आणि क्लच नाही, काहीही झालं तरी. ज्या गिअरने घाट चढता त्याच गिअरने उतरायचा, हे माझ्या सासऱ्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

मला हे कळलं बेल्ट तुटल्यावर. बॅटरीचा लाल दिवा लागला, मी म्हटलं चार्जिंग गेलं असेल, घरी जाऊन बघू. पुढच्या वळणावर ब्रेक घट्ट. हळूहळू हँडब्रेक आणि गिअरवर थांबवली, लतिफवाडीच्या आसपास. तेव्हापासून जुना पण धड बेल्ट आणि १२-१३चा पाना सीटखाली असतो.

आणि दहा सेल्फ मारता म्हणून विचारते, व्होल्ट कधी मोजलेत का? साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६च्या आसपास हवी. सेल्फ मारताना ९.६च्या खाली गेली तर बॅटरी नवी असून उपयोग नाही, किंवा सेल्फ जास्त करंट खातोय. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. सेल्फ मारतानाच मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनाच्या लोखंडावर टेकवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजलीय. माझी गंजली होती, आणि मी दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या!


जुना_पाना

ताई, तुम्ही डेपोत असता तर मला लवकर सुट्टी मिळाली असती.

ओतूरवाले, ताईंचं ऐका. निदान होईपर्यंत भरलेली गाडी घाटात घालू नका. एक तोडा दुसऱ्याच्या गाडीने जाऊ द्या.


टोमॅटोवाला_ओतूर

मंडळी, उशीर झाला. मधला एक तोडा चुलतभावाच्या गाडीने पाठवला, १,८०० भाडं घेतलं त्याने, चुलतभाऊ असून.

शनिवारी कॅन बांधला. पाहुण्यांचा पोरगा हौद्यात बसून कॅन धरतो म्हणाला, त्याला खाली उतरवलं आणि दोरीच बांधली. आमच्या इकडच्या एका चढावर चार फेऱ्या मारल्या, पूर्ण दाबून. काका, गाडी पळाली. सेकंडमध्ये चढायचा तो चढ थर्डमध्ये गेला. मग कॅन काढून टाकीवर आणली, दुसऱ्याच फेरीला पुन्हा तेच. घरी येऊन आईला सांगितलं पंप चांगला आहे, ती म्हणाली मोटारीचा का, कारण विहिरीवरचाही बंद आहे.

रविवारी टाकी उतरवली. डिझेल कमी होतं तरी दोघांना जड गेली. तळाचा नट सोडला, पहिल्यांदा पाणी आलं. अंदाजे दीड लिटर. मग चहाच्या चोथ्यासारखं काळं. डिझेल किती ते दाखवणाऱ्या तरंगत्या काट्याचे स्क्रू काढून पाइप बाहेर घेतला, जाळीवर कापसाची वातच होती, गुंडाळून बसलेली. माझंच फडकं. पिवळा रंगसुद्धा ओळखू येत होता.

टाकी डिझेलनेच तीनदा विसळली. जवळच वेल्डिंगवाला होता, तो म्हणाला खालून पातळ झालीय, दोन टाके मारून देतो. मी नको म्हटलं, डिझेलच्या रिकाम्या टाकीजवळ ठिणगी नको. बरोबर केलं ना?

सकाळचं दुखणंही सापडलं. पारदर्शक नळीत बुडबुड्यांची माळ, अगदी रुद्राक्षासारखी. टाकीपासून दुसऱ्या क्लिपाखाली नळी वाकवली तर भेगा दिसल्या. दीड मीटर नवी नळी, क्लिपा, फिल्टर, चार वायसर आणि झाकण, सगळे मिळून १,२४०.

ताई, व्होल्ट मोजले. सेल्फ मारताना १०.२, अर्थला ०.७. पट्टी काढली तर हिरवी झालेली. घासून, ग्रीस लावून बसवली, आता ०.२. तुमचाही नंबर लागला.


जुना_पाना

टाकीजवळ वेल्डिंगला नको म्हणालात, शंभर टक्के बरोबर. डिझेल सहज पेटत नाही हे खरं, पण रिकाम्या टाकीतली वाफ पेटते. पातळ झाली असेल तर वाफेने नीट साफ करणाऱ्याकडे द्या किंवा दुसरी बघा.

जुना फिल्टर टाकला नसेल तर हॅकसॉने कापून आतला कागद उलगडून बघा. चिकट काळा असेल तर नवा फिल्टरही पंधरा दिवसांत पुन्हा बदला, लाइनीत उरलेला गाळ तिथेच येणार. आणि फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा स्क्रू असतो, तो आठवड्यातून एकदा सैल करून काचेच्या बाटलीत धरा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. पावसाळ्यात रात्री टाकी अर्धी ठेवू नका, रिकाम्या जागेतली दमट हवा गारव्याने आतच घाम धरते.

सकाळी आता कशी लागते? पांढरा धूर?


टोमॅटोवाला_ओतूर

दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला लागते, सपाटीवरसुद्धा. पांढरा धूर आहे अजून, पण मिनिटभरच. मग स्वच्छ.


जुना_पाना

मिनिटभर असेल तर एखादं नोझल थेंब सोडतंय किंवा हीटरपैकी (थंड इंजिन लागावं म्हणून आत गरम करणारे ग्लो प्लग) एखादा मेलाय. हीटर असतील तर एकेकाची वायर सोडवून टेस्टलॅम्प बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक हीटरवर टेकवा. दिवा लागला नाही तो मेलेला. पाणी कमी होत नसेल तर हेड गॅस्केटची भीती नको. नोझल तोडे संपल्यावर, सवडीने. फक्त नोझल, पंप नाही.

ब्रेक ऑइल कधी बदललंय?


टोमॅटोवाला_ओतूर

ब्रेक ऑइल… घेतल्यापासून वरून टाकतोय.


जुना_पाना

आठ-नऊ वर्षं? अहो! ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि भरल्या उतारात ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं असतं, डॉट ३ की डॉट ४ ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. हे तोडे संपल्यावर नाही. पुढच्या खेपेच्या आधी.


रोपवाटिका_ताई

दादा, उद्याच.


टोमॅटोवाला_ओतूर

काल दिवसाच केलं. बाहेर आलं ते काळ्या चहासारखं होतं. चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली, बायकोने पेडल दाबलं, मी खाली झोपून "दाब, धर, सोड" ओरडत होतो. शेजारच्यांना वाटलं भांडण झालं.

मग काल रात्री वाशी करून आलो. मोरोशीपासून वर एकदाही थांबलो नाही. बोगद्यापाशी मात्र सवयीने थांबलो, चहा घेतला.

झाकण कुलपाचं घेतलंय. चावी दोन होत्या, एक आधीच सापडत नाही.